दोन रिषभांची पेटी

चुका काढायची खोड मला लहानपणापासून आहे. लग्नाच्या पत्रिकेतलं शुद्धलेखन मी मांडवात बसून तपासलेलं आहे, आणि ते माझंच लग्न होतं. पुढे ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायला लागले तेव्हा ही खोड गुणात जमा झाली. मुलांच्या वह्या, नवऱ्याचे उच्चार, दुकानांच्या पाट्या, काही म्हणून माझ्या तावडीतून सुटत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे घडलं ते दुष्टपणानं घडलेलं नाही. हौसेनं घडलं. आणि हौसेनं केलेल्या गोष्टीची लाज जास्त टिकते, हे मला आता कळलंय.

गाणं शिकायला मी पस्तिशी उलटल्यावर पुन्हा गेले. लहानपणी संगीताच्या परीक्षा दिल्या होत्या, आणि लेखी पेपरात मला कायम भरघोस गुण. सप्तकात श्रुती बावीस. सा आणि रे यांच्यामधल्या एका स्वराएवढ्या अंतराचे चार बारीक तुकडे: तीव्रा, कुमुद्वती, मंदा, छंदोवती. रे आणि ग यांच्यामध्ये तीन, ग आणि म यांच्यामध्ये दोन. मी हे पाढ्यासारखं घडाघडा म्हणायचे. ऐकलेली मात्र एकही श्रुती नव्हती. पेटीत तर सा आणि शुद्ध रे यांच्यामध्ये कोमल रिषभाची एकच पट्टी असते. चार तुकडे बसवणार कुठे? मला वाटायचं, हे जुन्या लोकांचं कागदावरचं गणित असणार. छान गणित, पण कागदावरचं.

ज्यांच्याकडे शिकायला गेले त्यांना आम्ही सगळे मास्तर म्हणतो. शाळेत त्यांनी कधी शिकवलेलं नाही. होटगी जंक्शनला रेल्वेत होते. क्वार्टरमध्ये राहून, ड्यूट्या सांभाळून गाणं केलं, आणि निवृत्त झाल्यावर कुंभारीच्या रस्त्याला दोन खोल्या बांधून राहिले. घरात कन्नड, बाहेर मराठी, आणि रागावले की दोन्ही. त्यांच्या बायकोला आम्ही अव्वा म्हणतो. अव्वांना मराठी सगळं कळतं, पण बोलायचा कंटाळा.

मास्तर तंबोऱ्यावर शिकवायचे, म्हणजे त्या विजेवरच्या तंबोऱ्याच्या डब्यावर. डोळे मिटून बसायचे आणि उजव्या हाताची करंगळी तेवढी हलवायचे. सूर चढा लागला की करंगळी खाली. ‘अजून. अजून एक केस.’ आपण खाली येत राहायचं, येत राहायचं, आणि मग कधीतरी मास्तर म्हणायचे, ‘सरी.’ सरी म्हणजे कन्नडात बरोबर. महिन्यातून एकदा मिळाला तरी तो सरी घरापर्यंत पुरायचा. मी स्कूटरवर एकटीच हसत जायचे. पण खरं सांगायचं तर सरीच्या आधीच्या आणि सरीच्या सुरात मला फरक कळायचा नाही. मास्तर म्हणाले म्हणजे असेल, एवढंच.

त्यांची पेटी आम्हाला हात लावायला नव्हती. ती फक्त सोमवारी सकाळी रिक्षातून गावातल्या एका मठात जायची. तिथे मास्तर तासभर गायचे, थोडं कन्नड, थोडं मराठी, आधी भैरव आणि मग तोडी. पंधरावीस माणसं ऐकायला, त्यातली निम्मी प्रसादाची वाट बघणारी. मास्तरांना त्याचं काही नव्हतं. त्यांचा आठवडा त्या एका तासासाठी असायचा, हे अव्वा सुद्धा मान्य करायच्या.

जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उलटली आणि मास्तरांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं. डोळ्यावर पट्टी, धूळ नको, वाकायचं नाही, गायचंही नाही. मी बघायला गेले तेव्हा मास्तर आत झोपले होते. अव्वांनी मला पेटीपाशी नेलं आणि भाता दाबून दाखवला.

‘नोड, बघ. हवा धरंना झालाय. शिवरात्रीला मठात बसायचं म्हणत्यात, आणि भाता फाटलेला. तुला येतंय नव्हं हे काम?’

येत होतं. लॉकडाऊनमध्ये लोकांनी केक शिकून घेतले, मी पेटी दुरुस्ती शिकले होते. व्हिडिओ बघून माझी स्वतःची पेटी उघडली, साफ केली, पुन्हा बसवली आणि ती चक्क वाजली. तेव्हापासून मी ओळखीपाळखीत चार पेट्या दुरुस्त करून दिल्या होत्या आणि त्याबद्दल बोलायची एकही संधी सोडली नव्हती. मी म्हटलं, ‘द्या अव्वा, आठ दिवसांत आणते.’

भात्याचं काम अर्ध्या तासाचं निघालं. कोपऱ्याचं चामडं उसवलं होतं. ते चिकटवलं, वाळवलं, झालं. इथे मी थांबायला हवं होतं. या सगळ्या लिखाणात मला हे एकच वाक्य लिहायचं होतं, बाकीचं त्याच्याभोवतीचं आहे.

पण पेटी समोर होती आणि वाजवून बघायचा मोह झाला. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली पितळेच्या दोन जिभा असतात, एक पुढच्या ओळीत, एक मागच्या. पेटीवाले त्यांनाच सूर म्हणतात. दोन्ही ओळींनी एकच स्वर बोलायचा, म्हणजे आवाज भरीव येतो. समोरच्या खुंट्या ओढून आपण एक ओळ वाजवू शकतो किंवा दोन्ही. मी दोन्ही उघडल्या आणि वाजवत गेले. सा ठीक. पंचम ठीक. पण कोमल रिषभाची पट्टी दाबली तर दोन जिभा एकमेकींशी भांडायला लागल्या. घुं घुं घुं असा हेलकावा. कोमल गंधार तसाच. कोमल धैवत तसाच. माझ्या अंगावर काटा आला. बिचारे मास्तर, इतकी वर्षं अशी उतरलेली पेटी वाजवतायत आणि कुणी त्यांना सांगितलं नाही!

आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. ते बंद असतात त्या दिवशी मी फोनवर सूर मोजायचं ॲप उघडलं आणि बसले. हे ॲप दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग करतं आणि आपला सूर किती भाग वर किंवा खाली आहे ते दाखवतं. शून्य आला की सूर बरोबर. मी वहीत तीन रकाने आखले: ‘पट्टी’, ‘चूक’, ‘दुरुस्तीनंतर’. एकेक जीभ वाजवली आणि आकडे भरले. पुढच्या ओळीचा कोमल रिषभ, बारा वर. मागच्या ओळीचा, वीस खाली. असं खालपर्यंत.

अकरावीच्या मुलांना मी पहिल्याच धड्यात सांगते की काही चुका कशाही, कुठेही येतात. काही मात्र शिस्तीत येतात, आणि शिस्तीत येणाऱ्या चुकीमागे नेहमी कारण असतं, ते शोधा. दरवर्षी सांगते. फळ्यावर लिहून देते. त्या वहीत सा आणि पंचम दोन्ही ओळींत अगदी काटेकोर होते, आणि कोमल स्वर तेवढे पुढच्या ओळीत सगळे वर, मागच्या ओळीत सगळे खाली. याहून शिस्तीत काय असणार? मी तो कागद डोळ्यांसमोर धरला होता आणि मला फक्त चुका दिसल्या.

पितळी जिभेखाली पातळ पत्रा सरकवायचा आणि ब्लेडच्या टोकानं खरवडायचं. टोकाशी खरवडलं की सूर चढतो, मुळाशी खरवडलं की उतरतो. त्या जिभांवर आधीच कानशीचे बारीक ओरखडे होते. कुणातरी अडाणी कारागिराचं काम, असं मी मनात म्हटलं आणि त्याला दोन शिव्याही घातल्या. तीन दिवस कॉलेजातून आल्यावर मी तेच केलं. शेवटी तिसऱ्या रकान्यात शून्यांची रांग लागली. इतका आनंद मला माझ्या एमएस्सीच्या निकालाचा झाला नव्हता.

अव्वांना मी सुरांचं काही बोलले नाही. मास्तरांना गाताना आपोआप कळेल आणि मग ते विचारतील, असा माझा बेत होता. विचारतील, मी आढेवेढे घेईन, मग सांगेन.

महाशिवरात्रीच्या सकाळी मठात गर्दी होती. मास्तरांच्या डोळ्यावरची पट्टी सुटून बरेच दिवस झाले होते, काळा चष्मा तेवढा होता. भैरव सुरू केला. पहिल्या रिषभालाच त्यांचा हात पट्टीवर थबकला. मी पुढेच बसले होते. मला वाटलं, कळलं! त्यांनी डोकं पेटीकडे झुकवलं, पुढे गेले, पुन्हा अडखळले. भैरव लवकर संपवला. तोडीच्या आधी त्यांनी एक खुंटी आत ढकलली, दुसरी ओढली, आणि तीच पट्टी दाबली. मग खुंट्या बदलून परत दाबली. असं चार वेळा केलं. माणसं कुजबुजायला लागली तेव्हा त्यांनी पेटीचा भाता बंद केला आणि उरलेलं नुसत्या तबल्यावर म्हटलं.

कार्यक्रम झाल्यावर ते मठाच्या पायरीवर बसले होते. मी जाऊन शेजारी उभी राहिले. त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं.

‘बाई, डोळं आलं आणि कान गेलं बघा.’

‘काय झालं मास्तर?’

‘माझ्या पेटीत दोन रिषभ हायत. तुमाला कदी सांगितलं न्हाय. पुढच्या ओळीतला भैरवाचा, मागच्या ओळीतला तोडीचा. तोडीचा लई खाली असतोय. होटगीत असताना कानशीनं घासून घासून लावलेत. एकदम न्हाय जमत हे. आज जरा घासायचं, महिनाभर गायचं, मग परत जरा घासायचं. गंधाराचं तसंच, धैवताचं तसंच. अकरा वर्षं लागली.’ मग हाताची दोन बोटं त्यांनी एकमेकांना चिकटवून धरली. ‘आज मला दोन्ही एकच ऐकू आलं.’

पायरीचा दगड तापला होता एवढं आठवतंय.

‘पेटीला कुणी हात लावलावता का?’ त्यांनी विचारलं. रागानं नाही, सहज विचारलं.

‘मी. भाता लावला.’

‘फकस्त भाता?’

‘हो.’

‘मग न्हाय. भात्यानं श्रुती जात न्हाय,’ मास्तर म्हणाले आणि काठी टेकून उठले.

ही ती जागा. भित्रेपणा म्हणजे काहीतरी मोठं, थरथर कापणं वगैरे असेल अशी माझी समजूत होती. तो इतका छोटा असतो हे मला माहीत नव्हतं. एका अक्षराचा ‘हो’.

मी स्वतःला सांगितलं, उद्या सांगते. मग म्हटलं, उद्या नको, जरा सावरू दे त्यांना. मग ते कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आले. डॉक्टरांनी हेडफोन लावून तपासलं आणि वयाच्या मानानं कान उत्तम आहेत म्हणून सांगितलं. त्या दिवशी तरी सांगायला हवं होतं, आयतं दार उघडलं होतं. पण मास्तर म्हणाले, ‘मशीन नुसतं पींऽ पींऽ वाजवतंय. त्यात कुटं रिषभ हाय?’ आणि सगळे हसले. मीही हसले. हसल्यानंतर सांगणं आणखी अवघड झालं.

सोमवारचं मठातलं गाणं बंद झालं. कुणी विचारलं तर मास्तर डोळ्याचं कारण सांगायचे. शिकवणी चालू राहिली, पण तंबोऱ्याचा डबा कोपऱ्यात गेला आणि पेटी पुढे आली. करंगळी गेली. आता आमचा सूर लागला की मास्तर पट्टी दाबून बघायचे. ‘पेटीशी जुळतंय नव्हं? मग असंल बरोबर. माझ्या कानाचा काय भरवसा.’ मी गात असताना समोर माझीच शून्यं वाजत होती. माझा सूर हल्ली लगेच जुळायचा. सरी मात्र ते कुणालाच म्हणत नव्हते. मला तो शब्द ऐकावासा वाटायचा आणि ऐकावासा वाटतो याची लाजही वाटायची.

एकदा अव्वा भाकरी थापता थापता म्हणाल्या, ‘पहाटे चारला उठून बसत्यात गं हल्ली. एकच सूर, एकच सूर. मी म्हणती झोपा की.’ मला वाटलं, रियाज सोडलेला नाही, बरंच आहे. कढईतल्या शेंगाच्या चटणीचा वास सुटला होता आणि मी दोन भाकऱ्या खाऊन घरी आले. माझ्या पोटात अन्न कसं गेलं, आज कळत नाही.

दसऱ्याच्या सुमारास कपाट आवरताना ती वही हाताला लागली. शून्यांकडे बघायची माझी हिंमत नव्हती, म्हणून नजर मधल्या रकान्याकडे गेली. पुढच्या ओळीचा कोमल रिषभ, बारा वर. मागच्या ओळीचा, वीस खाली. सगळं तिथेच होतं. अकरा वर्षांचं काम मी मोडायच्या आधी व्यवस्थित मोजून, शाईनं, ‘चूक’ या नावाखाली लिहून ठेवलं होतं.

मी अक्षरशः उडी मारली. आणि त्याच क्षणी दुसरी गोष्टही डोक्यात आली: आता सांगायची गरज नाही. सूर परत जागेवर आणले की मास्तरांना दोन रिषभ ऐकू येतील, त्यांना वाटेल कान परत आला, मठ सुरू होईल, आणि मी सुटेन. माझ्या आनंदात हा वाटा किती होता ते मी सांगत नाही, कारण मला ते माहीत आहे.

भाता पुन्हा गळतोय असं म्हणून मी पेटी घरी आणली. हे दुसरं खोटं. जुन्या जिभा आता कामाच्या नव्हत्या. मुळाशी त्यांची कानस, टोकाशी माझं ब्लेड, मधे पितळ उरलंय किती. दोन तर हात लावताच तुटल्या. मिरजेहून नवे सूर मागवले. सुटीच्या दिवशी बसून एकेक जीभ लावली आणि ॲपवर ‘चूक’ रकान्यातला आकडा येईपर्यंत खरवडली. एकाच सुरासाठी कधी कधी अख्खी सकाळ जायची. मी तर समोरचा आयता आकडा बघून करत होते. त्यांनी हे नुसत्या कानानं, गाड्यांच्या शिट्ट्यांमधून कसं केलं असेल, हा विचार आला की हात थांबायचा.

दिवाळीनंतरच्या सोमवारी सकाळी मी पेटी घेऊन गेले. मास्तर खाटेवर बसले होते. मी म्हटलं, ‘भाता नीट झालाय, बघा वाजवून.’ आणि ॲप उघडून, फोन मांडीवर ठेवून भिंतीला टेकून बसले, परीक्षेचा निकाल बघायला आल्यासारखी.

त्यांनी मागची ओळ उघडून कोमल रिषभ दाबला. मग पुढची. मग पुन्हा मागची. त्यांचा चेहरा जो उजळला, तो मी विसरणार नाही.

‘दोन!’ ते ओरडलेच. ‘बाई, दोन ऐकू यायलंय! अगंऽ, बा हिकडं, बा! किवी बंतु!’ बा म्हणजे ये, किवी म्हणजे कान. कान आला, असं ते अव्वांना ओरडून सांगत होते. अव्वा पिठाच्या हातानं बाहेर आल्या. मास्तर लहान मुलासारखे पट्टी दाबत होते, खुंटी बदलत होते, ‘हा बघ, आणि हा बघ’. अव्वांनी डोळ्यांना पदर लावला. मी पण रडले. मला वाटलं, फिटलं.

मग मास्तरांनी मागची ओळ ठेवली, डोळे मिटले आणि तोडीचा रिषभ लावला.

फोनवर पेटीचा सूर खाली दिसत होता, मास्तरांचा गळा वर. त्यांनी थांबून परत लावला. परत वर. तिसऱ्यांदा श्वास घेऊन, सा पासून हळूच सरकत आले, आणि गळा जिथे थांबला तो फोनवरचा आकडा माझ्या चांगलाच ओळखीचा होता. बारा वरही नाही, वीस खालीही नाही. मधे. शून्यावर.

त्यांनी पुढची ओळ उघडून भैरवाचा लावून बघितला. गळा तिथेच, शून्यावर. खूप वेळ प्रयत्न केला. अव्वा उभ्याच होत्या. शेवटी मास्तरांनी भाता मिटला आणि मला म्हणाले, ‘कान आला, आता गळा गेला. म्हातारपण असंच की. एक आलं की एक जातंय.’ आणि माझी समजूत काढल्यासारखे हसले.

तेव्हा मी सांगितलं. भाता, ॲप, ब्लेड, शिवरात्रीचा ‘हो’, गळणाऱ्या भात्याचं खोटं, नवे सूर, सगळं. मधे न थांबता सांगितलं, कारण थांबले असते तर पुढचं आलं नसतं.

मग मास्तरांनी विचारलं, ‘म्हंजे शिवरात्रीला दोन्ही एकच होते?’

‘हो.’

‘म्हंजे मला बरोबर ऐकू आलंवतं.’

‘हो मास्तर.’

‘मी तुमाला विचारलंवतं की.’

अव्वांनी कन्नडात काहीतरी विचारलं, त्यांनी कन्नडात सांगितलं. बराच वेळ सांगितलं. अव्वा माझ्याकडे वळल्या. ‘पहाटेचं उठून काय करत होते माहिताय का तुला? गळा त्या पेटीला लावून घेत होते. म्हणायचे, कान खोटा झालाय, पेटी खरी हाय, तिचंच धरून बसाया पाहिजे, न्हायतर पोरींना खोटं शिकवीन. रोज. सात-आठ महिने.’ मग त्या आत निघून गेल्या. आतून बराच वेळ भाकरीचा आवाज आला नाही.

मी पितळ खरवडलं होतं. ते बदलता आलं. मास्तरांनी माझ्या शब्दावर विश्वास ठेवून स्वतःला खरवडलं होतं. थोडं थोडं, पहाटे उठून, जसं त्यांना येत होतं तसं. अकरा वर्षांचा रिषभ त्यांनी सात-आठ महिन्यांत माझ्या शून्यावर आणून बसवला होता.

‘वही कुटाय?’ मास्तर म्हणाले.

पिशवीतच होती. त्यांनी ती घेतली, खिडकीकडे तोंड करून नव्या डोळ्यानं वाचली. वरून खाली, पुन्हा वरून. मधल्या रकान्याच्या डोक्यावर त्यांचं बोट थांबलं. तिथे मी ‘चूक’ असं लिहून खाली दोन रेघा मारल्या होत्या.

‘अक्षर चांगलं हाय तुमचं,’ ते म्हणाले.

त्यांनी मला घालवून दिलं असतं तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. शिव्या तर मी रस्ताभर स्वतःला देतच होते, त्यांच्या दोन मिळाल्या असत्या तर आधार झाला असता. पण मी निघताना ते एवढंच म्हणाले, ‘उद्या पहाटे येऊ शकशीला? फोन घेऊन या.’

तेव्हापासून आठवड्यातले चार दिवस मी पहाटे कुंभारीच्या रस्त्याला असते. मास्तर मागची ओळ उघडतात, पट्टी दाबतात, सोडतात, आणि गळ्यातून तोच रिषभ काढायला बघतात. गळा शून्याकडे जातो. मी फोन मांडीवर धरून बसते. सूर लावून झाला की मास्तर डोळे उघडतात, माझ्याकडे बघतात आणि विचारतात, ‘सरी?’

त्यांचा कान बरोबर आहे हे मी शंभर वेळा सांगितलं. ते मान हलवतात. पण इतके दिवस ज्याला खोटं म्हटलं त्याच्यावर पुन्हा भरवसा ठेवणं, मास्तर म्हणतात, त्यांना जमत नाही.

आणि मला तो फरक अजून ऐकू येत नाही. मी फोनकडे बघते, आकडा वाचते, करंगळी खाली करते. म्हणते, ‘अजून एक केस, मास्तर.’ आणि मास्तर माझं ऐकून खाली येतात.